क्रमवारी वाचा, मग मालकाचं जॉब कार्ड मागा

एसटीच्या कार्यशाळेत मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १२ हेड मेकॅनिक म्हणून. तिथे ‘ही गाडी चांगली, ती त्रास देते’ एवढं बोलून भागत नसे. दर महिन्याला आकडा द्यावा लागे : दहा हजार किलोमीटरमागे मार्गस्थ बिघाड किती. मार्गस्थ बिघाड म्हणजे प्रवासी घेतलेली गाडी रस्त्यात उभी राहणं. एखाद्या बसबद्दल ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी आधी ती किती धावली ते बघायचं आणि मग बोलायचं, ही सवय तिथे लागली.

गेल्या गणपतीत भाची पुण्याहून चिपळूणला आली ती चार छापील पानं घेऊन. हिंजवडीला नोकरी, स्वतःच्या पगारातून पहिलीच गाडी घ्यायची. पानांवर ‘सर्वांत विश्वासार्ह’ गाड्यांच्या क्रमवारी होत्या आणि मोबाइलमध्ये त्यातल्याच कंपन्यांना शिव्या घालणाऱ्या मालकांचे व्हिडिओ. ‘‘मामा, यातलं खरं काय?’’ एवढाच तिचा प्रश्न. त्यावर आम्ही दीड महिना घातला. जे केलं ते इथे लिहितोय, कारण हे कुणालाही जमेल. एक शंभर पानी वही आणि विचारायला न लाजणारी जीभ पुरते.

पहिलं काम घरीच करायचं. क्रमवारीत पहिलं कोण आलं हे बघण्याआधी तिथे मोजलंय काय, ते शोधायचं. जे. डी. पॉवर या अमेरिकन संस्थेचे दोन अभ्यास लोक सर्रास एकच समजतात. एकात गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजतात. दुसऱ्यात तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या पहिल्याच मालकांना मागच्या बारा महिन्यांतल्या तक्रारी विचारतात. दोन्हींचं माप ‘शंभर गाड्यांमागे तक्रारी’. २०२४ च्या अमेरिकेतल्या तीन वर्षांच्या अभ्यासात सगळ्या कंपन्यांची सरासरी १९० होती आणि पहिल्या आलेल्या लेक्ससची १३५. पण या मापात ब्लूटूथला फोन जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच तक्रार. गेली काही वर्षं तर सर्वाधिक तक्रारी स्क्रीन, फोनजोडणी असल्याच गोष्टींच्या आहेत. कंपनी खाली गेली म्हणजे तिचं इंजिन वाईट, असा अर्थ त्यातून निघत नाही.

कन्झ्युमर रिपोर्ट्स ही १९३६ पासूनची संस्था. ती जाहिराती घेत नाही, स्वतःच्या सभासदांना विचारते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या बिघाडांना किरकोळ तक्रारींपेक्षा जास्त वजन देते. मला ही पद्धत जास्त पटते. तरी बाजारात नव्याने आलेल्या गाडीचं तिथलं स्थान हा मागच्या वर्षांवरून बांधलेला अंदाज असतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

जर्मनीत वेगळीच तऱ्हा आहे. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की पहिली सक्तीची तपासणी, मग दर दोन वर्षांनी. त्या तपासण्यांतल्या दोषांवरून टीयूव्ही या तपासणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल निघतो. त्यात मालकाच्या मताला जागाच नाही. ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, गंज जे दिसेल ते लिहितात. फक्त ज्या गाड्या जास्त धावतात किंवा ज्यांचे मालक देखभालीत हात आखडता घेतात, त्या तिथे मागे पडतात. एडीएसी हा तिथला मोटारचालकांचा क्लब रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद ठेवतो, म्हणजे आमचा मार्गस्थ बिघाडच. तो वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं. पण त्या नोंदींत चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा कारण निघतं बॅटरी. बॅटरीवरून कंपनीचा निवाडा करणं कितपत बरोबर, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे घोटाळा आणखी निराळा होतो. भाचीच्या चार पानांतलं एक पान सर्व्हिस सेंटरच्या समाधानाचं होतं. म्हणजे गाडी वेळेवर मिळाली का, धुऊन दिली का, सल्लागार नीट बोलला का. गाडी वारंवार बिघडली तरी सेंटर गोड बोलत असेल तर तिथे गुण मिळतात. दुसरं पान भारत एनकॅपच्या ताऱ्यांचं. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली ही चाचणी धडकेत माणूस किती वाचतो ते सांगते. ते बघायलाच हवं, मी तर ते आधी बघतो. पण पाच तारे मिळाले म्हणून क्लच जास्त टिकत नाही. ही दोन पानं बाजूला ठेवली, दोन उरली, आणि तीही अमेरिकेची निघाली. त्यांतल्या सुबारू कंपनीच्या गाड्या इथे विकल्याच जात नाहीत. इथे सर्वांत जास्त गाड्या विकणाऱ्या मारुतीचं त्यात नावच नाही, कारण सुझुकीने अमेरिकेतला मोटारींचा धंदा २०१२ सालीच आवरायला घेतला.

आता दुसरं काम. कंपनीचं नाव खोडायचं आणि वहीच्या पानावर पाच गोष्टी लिहायच्या : मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स, बनावटीचं साल, कारखाना माहीत असेल तर तो. हे का, ते सांगतो. फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आठवा. मारुतीच्या स्विफ्टमध्ये त्याचं नाव डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टात क्वाड्राजेट, फियाटच्या पुंटोत मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावला फियाट-टाटाच्या कारखान्यात ते बनायचं आणि मारुती परवाना घेऊन स्वतः बनवायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले आणि हे इंजिन बंद झालं. तोवर रस्त्यावर लाखो गाड्यांत हेच इंजिन होतं. पण स्विफ्टवाला ‘मारुतीचं इंजिन म्हणजे बघायला नको’ म्हणायचा आणि पुंटोवाला ‘फियाटसारखं इंजिन नाही’ म्हणायचा. दोघांच्या बॉनेटखाली एकच भावंड. फरक पडायचा तो वायरिंगमध्ये, सस्पेन्शनमध्ये, आणि सगळ्यात जास्त पार्ट किती दिवसांत मिळतो यात. कंपनीवार क्रमवारीत हे तीन वेगळ्या ठिकाणी दिसणार, आणि ते कशामुळे, हे क्रमवारी सांगणार नाही.

ताजं उदाहरण मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा. २०१९ पासून एकच गाडी सुझुकीच्या कारखान्यात बनून दोन नावांनी विकली जाते. टोयोटाचा लौकिक इनोव्हा आणि कोरोलाने कमावलेला. ग्लान्झा घेणारा त्या लौकिकाचे पैसे मोजतो. मात्र एक खरा फरक बरीच वर्षं होता : ग्लान्झाला वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, आणि बलेनोला दोन वर्षं किंवा चाळीस हजार. मारुतीने २०२४ मध्ये तीही तीन वर्षं-एक लाख केली. अशा जुळ्या गाड्यांत क्रमवारी गुंडाळून ठेवायची आणि वॉरंटीचा कागद उघडायचा.

गिअरबॉक्स वेगळा लिहायला मी का सांगतो? एकाच मॉडेलचे साधा गिअरबॉक्स आणि ऑटोमॅटिक हे दोन प्रकार टिकण्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या समजाव्यात. फोक्सवॅगनने २०१३ साली चीनमध्ये डीएसजी या आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच गाड्यांचे साध्या गिअरवाले मालक त्या साली निवांत असणार. हवामानही असंच. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण जगभर गाजलं, त्यात उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून आतला दारूगोळा बिघडत होता. कोरड्या, थंड प्रदेशातल्या मालकाचा अनुभव आम्हा कोकणातल्यांच्या किती कामाचा, हे त्यावरून समजावं.

आता मालकांकडे जायचं. इथे मन लावून काम करा, घाई करू नका.

‘गाडी कशी आहे?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. दहा-बारा लाख घातलेला माणूस स्वतःच्या निर्णयाला वाईट म्हणत नाही, आणि ज्याला एकदा पावसात टोइंगची वाट बघावी लागली तो चांगलं म्हणत नाही. भाचीच्या ऑफिसातल्या एकाने ‘एक रुपया खर्च नाही, झकास गाडी’ असं सांगितलं. जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाच्या नोंदी, बघितली तर वॉरंटीत स्टेअरिंग रॅक बदललेला, आणि एसीची कूलिंग कॉइल दोनदा. त्याच्या खिशातून गेलं नाही म्हणून त्याच्या लेखी ते घडलंच नव्हतं. दुसरा ‘डबडा आहे नुसता’ म्हणत होता. त्याची गाडी ६२,००० किलोमीटर धावलेली, आणि सगळी चीड स्क्रीन अडकते यावर. बाकी एक बिघाड नाही.

म्हणून घडलेलं विचारायचं. आम्ही हेच प्रश्न, याच क्रमाने, प्रत्येकाला विचारले :

गाडी कुठल्या महिन्यात घेतली आणि आज मीटर किती?
रोज किती किलोमीटर, आणि ते ट्रॅफिकमध्ये की हायवेवर?
टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, वायपर सोडून काय काय बदललं? प्रत्येक वेळी मीटर किती होतं?
वॉरंटीत फुकट काय बदलून मिळालं?
गाडी रस्त्यात कधी उभी राहिली का? कशामुळे?
पार्टसाठी गाडी जास्तीत जास्त किती दिवस सेंटरला अडकली?
जॉब कार्डचे किंवा बिलांचे फोटो दाखवाल का?

शेवटच्या प्रश्नाला निम्मे लोक हो म्हणतात. जे म्हणतात त्यांच्या नोंदींना मी दुप्पट मान देतो.

माणसं कुठे भेटतात? ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सोसायटीत, आणि माझ्या मते सगळ्यात आधी टॅक्सीवाल्यांत. वाकडला मुंबईच्या फेऱ्या मारणाऱ्यांना विचारलंत तर दोन लाख, अडीच लाख किलोमीटरचे अनुभव मिळतात. तुमची गाडी तिथे पोचायला पंधरा वर्षं लागतील. टॅक्सीवाला गाडीवर प्रेम करत बसत नाही, त्याला डाउन झालेला दिवस पैशांत कळतो. फक्त त्याची गाडी बहुधा सीएनजीची असते, आणि दिवसभर धावती गाडी इंजिनाला सोसते. तीन किलोमीटरवर ऑफिस आणि संध्याकाळी परत, अशा गाडीचं इंजिन जास्त झिजतं. बीएस-६ डिझेलमध्ये तर अशा छोट्या फेऱ्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो. आपल्यासारखा वापर असलेला माणूस शोधायचा तो यासाठी.

आणखी दोन दारं ठोठवा. एक, कुठल्याही कंपनीशी न बांधलेलं जुनं गॅरेज. दुसरं, स्पेअर पार्ट्सचं दुकान. तिथे गाडीबद्दल मत विचारू नका. ‘या मॉडेलचा कुठला पार्ट भरून ठेवता?’ एवढंच विचारा. दुकानदार जो माल महिन्याला जातो तोच शेल्फवर ठेवतो. पुण्यातल्या एका दुकानात भाचीने हा प्रश्न विचारला, आणि दोन मिनिटांत जे कळलं ते चार छापील पानांत नव्हतं.

आता हिशोब. तिने दोन मॉडेल पक्की केली होती. नावं लिहीत नाही, एवढ्याशा माणसांवरून कंपनीला बरं-वाईट म्हणणं न्यायाचं नाही. पहिल्या गाडीचे १२ मालक मिळाले, सगळ्यांचं मिळून ६,४०,००० किलोमीटर. दुसरीचे ९ मालक, २,७०,००० किलोमीटर. झिजेची कामं वगळून पहिलीचे बिघाड १९, दुसरीचे १३. नुसतं बघितलं तर दुसरी चांगली. दहा हजार किलोमीटरवर आणलं की पहिली ०.३०, दुसरी ०.४८. पारडं फिरलं.

भाची खूश झाली, पण मी तिला थांबवलं. तेरांतले आठ बिघाड स्क्रीन, मागचा कॅमेरा, सेन्सर असले होते आणि बहुतेक सॉफ्टवेअर अपडेटने मिटलेले. पहिल्या गाडीत असले दोनच. ते काढून नुसते यांत्रिक बिघाड घेतले तर पहिली ०.२७ आणि दुसरी ०.१९. पारडं पुन्हा फिरलं. शंभर गाड्यांमागे तक्रारी मोजणाऱ्यांचं हेच होतं, ते आपल्या वहीत डोळ्यांदेखत झालं.

आणि अजून एक बारकावा राहिलाच होता. पहिलीच्या गाड्या सरासरी ५३,००० किलोमीटर धावलेल्या, दुसरीच्या ३०,०००. जुनी गाडी जास्त बिघडणारच. म्हणून पहिलीच्या फक्त चाळीस हजारांपर्यंतच्या नोंदी घेतल्या : ४,३०,००० किलोमीटर, यांत्रिक बिघाड ७, म्हणजे ०.१६. दुसरी ०.१९. इतका फरक मी फरक मानत नाही. नऊ मालकांत एक बिघाड इकडचा तिकडे झाला तरी तो पुसला जातो. रस्त्यात उभं राहण्याचं तर बोलूच नये : पहिली तीनदा, दुसरी एकदा. दुसरी आणखी एकदा थांबली असती तर तिचा आकडा दुप्पट झाला असता. एसटीत एका आगाराच्या महिन्याच्या आकड्यामागे लाखो किलोमीटर असायचे, म्हणून त्यावर विसंबता यायचं. आपल्या वहीचा आकडा तेवढा जड नसतो.

मग वही कशाला? तर एकच बिघाड एकाच सुमाराला पुन्हा पुन्हा दिसतो का, ते बघायला. संख्या लहान असली तरी ही खूण कामाची असते. पहिल्या गाडीत बारापैकी पाच जणांनी पुढच्या सस्पेन्शनचे लिंक रॉड पंचवीस ते पस्तीस हजारांच्या दरम्यान बदललेले. आपल्या रस्त्यांवर ते जातात, मजुरीसकट दोन-अडीच हजारांत काम होतं, गाडी थांबत नाही. दुसऱ्या गाडीत नवांपैकी दोघांचा एएमटी गिअरबॉक्सचा क्लच ॲक्च्युएटर (पायाऐवजी क्लच चालवणारा भाग) गेलेला. दोन्ही वॉरंटीत झाले, म्हणून मालक शांत होते. पण वॉरंटी नसती तर बिल तीस हजारांच्या वर होतं. मी नेहमी हाच भाव लिहितो, खिशातून गेलेला नाही. नवांत दोन हा पुरावा म्हणून कच्चा आहे. पण गॅरेजवाल्यानेही न विचारता तोच पार्ट सांगितला आणि पार्टच्या दुकानात शेल्फवर तोच निघाला, तेव्हा तो पक्का झाला.

क्रमवारी आणि मालक यांचं जुळत नसेल तर कुणाला तरी खोटं ठरवायची घाई नको. क्रमवारीत वर असलेल्या गाडीचे मालक वैतागलेले दिसले तर तपासा, सगळे एकाच सर्व्हिस सेंटरचे आहेत का, किंवा एकाच सालच्या बनावटीचे. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षाच्या गाड्यांत बारीक खोडी राहतात, दुसऱ्या वर्षी त्या कमी होतात. उलट क्रमवारीत खाली आणि मालक खूश, असं असेल तर त्यांच्या गाड्या किती धावल्यात ते बघा. वीस हजारांपर्यंत बहुतेक गाड्या शहाण्यासारख्या वागतात. मोबाइलवर तक्रारींचा ढीग दिसला तर ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटच्या डॅशबोर्डवर कुठल्या कंपनीच्या किती गाड्यांची नोंदणी झाली ते सापडतं. दहापट विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारी दहापट दिसणं हिशोबाला धरून आहे.

गाड्या परत बोलावल्याची बातमी आली म्हणून लगेच नाव काटू नका. दोष कबूल करून फुकट बदलून देणं ही कंपनीने धरलेली नीट वाट आहे. एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे त्याचा कायदाही लागू आहे, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. वापरलेली गाडी घेत असाल तर चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून ते काम झालंय का, तेवढं बघा.

वापरलेल्या गाडीबद्दल एक गोष्ट चिपळूणकर म्हणून सांगतोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा शेकडो गाड्या छतापर्यंत बुडालेल्या मी बघितल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाण्याचा धोका असतो. तिथला नवा मालक बिचारा म्हणतो, ‘या कंपनीचं वायरिंगच खराब’. त्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का बघा. कार्पेट उचलून हात लावा. मीटरचा आकडा जुन्या जॉब कार्डांशी ताडून घ्या, मागे फिरवलेला मीटर तिथे पकडला जातो.

भाचीने पहिली गाडी घेतली, साध्या पाच गिअरची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखेल हे तिने मान्य करून घेतली. गाडी ताब्यात आली त्याच दिवशी वहीत नवं पान सुरू केलं : तारीख, मीटर, काय झालं, किती दिवस गेले, वॉरंटी नसती तर किती. आज मीटर ११,४०० आहे. पानावर दोन नोंदी आहेत. ८,२०० ला डाव्या मागच्या दाराचं रबर सुटलं, वॉरंटीत बदललं, एक दिवस. १०,९०० ला पुढून खडखड, लिंक रॉड तपासले, अजून ठीक आहेत, तीस हजारांच्या सर्व्हिसला पुन्हा बघायचे.